छठची पहाट, ठाणे खाडी: अंधारात उषा अर्घ्याचे फोटो कसे काढावेत?

चेंदणी_कट्टा

छठपूजेचं दुसरं अर्घ्य, म्हणजे कार्तिक शुद्ध सप्तमीच्या पहाटेचं, ठाणे पूर्वेला खाडीकाठी टिपायचं आहे. आदल्या संध्याकाळच्या अर्घ्याला उजेड असतो, तिथे फारसा प्रश्न नाही. पहाटेच्या अंधाराचं गणित मात्र जुळत नाही. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा मिररलेस, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८. फ्लॅश वापरणार नाही.

पणतीच्या उजेडात चेहरा नीट आला की ज्योत पांढरीफटक होते. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. ऑटोफोकस अंधारात मागेपुढे शोधत बसतो. आणि उजाडायला लागलं की दर पाच मिनिटांनी सगळंच बदलतं, तेव्हा कशाला धरून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवायचं? ट्रायपॉड न्यावा का? जागा कुठली धरावी? पूजेत आपला अडथळा होऊ नये म्हणून काय पाळावं, तेही जाणकारांनी सांगावं.

खाडीकाठ

सेटिंगचं नंतर बघू. आधी काठ ठरवा, कारण पहाटेच्या अर्घ्याला व्रतींचं तोंड उगवतीकडे असणार हे पक्कं असतं. तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात यावरून फोटोत चेहरे येणार की पाठी, हे तिथेच ठरून जातं.

कोपरी, चेंदणी हा खाडीचा पश्चिम काठ. इथे पाणी पूर्वेला आहे, म्हणजे व्रती पाण्याकडे तोंड करून उभे राहतात आणि काठावरच्या माणसाला पाठी दिसतात. पण त्यांच्या मागे उजळणारं आकाश आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळतं. छायाकृती, हातातलं सूप, दुधाची धार या सगळ्याला हा काठ उत्तम. ऐरोली, वाशीच्या बाजूला उलट. तिथे खाडी पश्चिमेला, त्यामुळे पाण्यात उतरलेली माणसं काठाकडे वळून अर्घ्य देतात. चेहरे समोर येतात, पूर्वेच्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो, मात्र मागे नुसतं काळपट पाणी राहतं आणि कोवळं ऊन इमारतींच्या आड अडकतं. उपवन तलावाला येऊरचे डोंगर पश्चिमेला आहेत, तेव्हा डोंगर पार्श्वभूमीला घेतलात तर उजेड तुमच्या पाठीमागून येईल.

कोपरीच्या बाजूने काढायचं असेल तर घाटाच्या मधोमध उभं राहू नका. उत्तर किंवा दक्षिण टोक धरा, म्हणजे व्रतींची बाजू दिसते: कपाळ, नाक, जोडलेले हात आणि मागे आकाश. व्रतींच्या रांगेशी ४५ ते ७० अंशांचा कोन ठीक पडतो. सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, हे लक्षात असू द्या. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. ती ऑक्टोबरअखेर आली तर ठाण्यात सूर्य होकायंत्रावर १०४ अंशांच्या आसपास उगवतो, नोव्हेंबरच्या मध्यात आली तर ११० अंशांच्या आसपास. म्हणजे पूर्वेपासून चांगलाच दक्षिणेकडे सरकलेला. घाटाच्या उत्तर टोकाला उभे राहिलात तर उगवता सूर्य फ्रेममध्ये आणणं सोपं जातं.

आता वेळ. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्योदय ६:४५ च्या आसपास असतो. त्याआधी सुमारे ७५ मिनिटं आकाशात पहिला फिकटपणा येतो. ४८ मिनिटं आधी क्षितिजाची रेघ आणि पैलतीर ओळखू येतो. २२-२३ मिनिटं आधी, म्हणजे ६:२२ च्या सुमारास, चांगलं झुंजूमुंजू होतं आणि तिथून उजेड भराभर वाढतो. शुद्ध सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळलेला असतो, त्यामुळे पहाटे चांदण्याची मदत मिळत नाही. साडेपाचपर्यंत पणत्या आणि घाटावरचे दिवे, एवढाच उजेड.

पंचांगातला सूर्योदय आणि डोळ्यांना दिसणारा सूर्य यांत कोपरीला फरक पडतो, कारण समोर ऐरोलीमागे पारसिकची डोंगररांग आहे. किती फरक, ते आदल्या दिवशी मोजून ठेवा. हात सरळ लांब करून करंगळी आडवी धरली की तिची जाडी साधारण १ अंश. आपल्याकडे या दिवसांत सूर्याला १ अंश वर चढायला साडेचार मिनिटं लागतात. डोंगर दोन करंगळ्या उंच दिसला तर बिंब ९ मिनिटं उशिरा येणार. पैलतीरावरच्या टॉवरांनाही हाच हिशेब लावा.

भरतीचंही बघून घ्या. कोकणातला जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. सप्तमीला सात पाऊणे सव्वापाच. बंदराच्या वेळेपेक्षा खाडीच्या आत भरती थोडी उशिराच पोचते, म्हणजे उषा अर्घ्याच्या वेळी पाणी चढलेलं किंवा नुकतं उतरायला लागलेलं असतं. अष्टमी जवळ असल्याने भांगाची भरती, उधाणासारखी उसळत नाही. तरी खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतील आणि त्यांवर शेवाळ असेल. आडाखा नियोजनापुरता ठेवा, पक्की वेळ त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

कंदील

काठाचं वर आलंच आहे. मी एक्स्पोजरचं लिहितो.

या पहाटेला एकच सेटिंग लावून चालत नाही. तीन वेगळे उजेड असतात आणि प्रत्येकात वेगळ्या गोष्टीला धरून एक्स्पोजर ठरवायचं.

पहिला, साडेपाचच्या आधीचा, निव्वळ पणत्यांचा. इथे ज्योत फाटणारच, म्हणजे पांढरीफटक होणारच, ती वाचवायला जाऊ नका. ज्योतीभोवतीचा पिवळा वलयाचा भाग आणि चेहऱ्याचा उजळ गाल यांना धरा. पणतीचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: चेहरा एक फुटावरून दोन फुटांवर गेला की उजेड चौथा हिस्सा, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). त्यामुळे आयएसओशी, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याशी, झगडण्यापेक्षा व्रती वात सारखी करायला पणतीवर वाकते तो क्षण धरणं जास्त फायद्याचं. एकच पणती चेहऱ्यापासून फूटभर असेल तर एफ/१.८, १/६०, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. चार-पाच पणत्या एकत्र असतील तर तेवढ्याच आयएसओला १/१२५ मिळतो. पूर्ण मॅन्युअलवर राहा. ऑटोवर ठेवलं की एक ज्योत फ्रेममध्ये आली-गेली तरी मीटर दोन स्टॉपनी हेलकावे खातो.

इथे फसतं ते लाल रंगात. पणतीच्या उजेडात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो. त्यात व्रती स्त्रियांचा नारिंगी सिंदूर नाकाच्या शेंड्यापासून केसांपर्यंत ओढलेला, साड्या पिवळ्या-लाल, शिवाय झेंडू. साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) सगळं ठीक सांगतो आणि घरी येऊन बघावं तर सिंदूर म्हणजे सपाट नारिंगी डाग, पोत गेलेला. तीन रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं, साधारण दोन-तृतीयांश स्टॉप, कमी ठेवा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, हवीच.

दुसरा उजेड सूर्योदयापूर्वी ४० ते १५ मिनिटं. आकाश निळं आणि पणत्या पिवळ्या, दोन्ही एका फ्रेममध्ये सामावतात ते याच वेळात. माझ्या मते सगळ्या पहाटेतला हाच खरा ऐवज. आता आकाशाला धरा, चेहऱ्याला नव्हे. ६:२० च्या आसपास एफ/२, १/१२५, आयएसओ ३२०० वरून सुरू करून दर पाच मिनिटांनी हिस्टोग्राम बघत आयएसओ उतरवत जा. शटर आणि अपर्चर तसेच ठेवून फक्त आयएसओ हलवला की हाताची सवय मोडत नाही. या वेळात उजेड दर तीन-चार मिनिटांत जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून पाच मिनिटं विसरलात तर आकाश गेलंच म्हणून समजा.

तिसरा, बिंब दिसल्यावरचा. अर्घ्याच्या वेळी सूर्य अजून डोंगराआड असेल तर साधारण एफ/२.८, १/२५०, आयएसओ १६००. बिंब वर आलं आणि समोरून काढताय तर स्पॉट मीटरने (फ्रेमच्या छोट्या भागापुरता उजेड मोजणाऱ्या) सूर्याच्या बाजूचं आकाश मोजा, खुद्द सूर्य नको. एफ/४, १/५००, आयएसओ २०० च्या जवळपास येईल. माणसं काळी राहतील, पण धारेतला प्रत्येक थेंब उजळेल.

शटरचं वेगळं सांगतो. स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, पाण्यात उभ्या माणसाचं डोलणं थांबवत नाही. कंबरभर पाण्यात जोडल्या हातांनी स्तब्ध उभ्या व्रतीला १/६० चालतो, सूप उचलून फिरताना १/१२५ तरी हवा. दुधाची धार सलग दोऱ्यासारखी हवी तर १/६० ते १/१२५, थेंब सुटे हवेत तर १/५०० च्या वर. पहिली अंधारात मिळते, दुसरी सूर्य आल्यावर, तेव्हा त्या त्या वेळी तीच मागा.

पट्ट्यांचं कारण आपली ५० हर्ट्झची वीज. दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. कॅमेरा मूक म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर साधा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला १/३० ते १/१५ सेकंद घेतो, तेवढ्यात दिवा तीन ते सात वेळा लुकलुकतो, तेवढे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर ती चालू करा. रंगीत लायटिंगच्या माळा मात्र स्वतःच्या लयीत लुकलुकतात, त्यांना हा उपाय नेहमी लागू पडत नाही. त्या फ्रेमबाहेर ठेवणं हेच बरं. आवाजाची चिंता नको, घाटावर ध्वनिक्षेपकावर छठची गाणी चालू असतात, शटर कोणाला ऐकू जात नाही.

फोकस: मधला एकच बिंदू निवडा आणि तो चेहऱ्यावर न ठेवता उजेड-अंधाराची कड असेल तिथे ठेवा. सुपाची उजळलेली कड, पणतीचा काठ, कपाळावरची पदराची रेघ. ज्योतीवर नको, ती हलते आणि फाटलेली असते. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा नारिंगी किंवा हिरवा दिवा आठवणीने बंद करा, तो थेट व्रतीच्या डोळ्यांवर पडतो. तुमच्या ५० एमएमवर एफ/१.८ ला दोन मीटरवर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ११ सेंटिमीटर मिळते. सूप पुढे धरलेलं असेल तर सूप आणि चेहरा दोन्ही नीट येणार नाहीत. एक निवडा, नाहीतर तीन मीटरवर सरका.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका. ४००० केल्विनवर कायम ठेवा. पणती उबदार राहते, आकाश निळं राहतं. आणि लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर काढा. अंधारात प्रत्येक ज्योतीचं उलटं हिरवट भूत फ्रेमच्या समोरच्या कोपऱ्यात उमटतं, ते बहुतेकदा त्या काचेमुळे.

दउरा_ऐरोली

वर तंत्राचं सगळं आलंय. पूजेचा क्रम माहीत असेल तर कुठल्या क्षणी कुठे बघायचं हे आपोआप कळतं, म्हणून तेवढं लिहिते.

छठ चार दिवसांची. चतुर्थीला नहाय-खाय, पंचमीला खरना, षष्ठीला मावळत्या सूर्याला अर्घ्य, सप्तमीला उगवत्याला. खरन्याचा प्रसाद घेतल्यावर व्रती पाणीसुद्धा घेत नाहीत, ते थेट उषा अर्घ्यानंतर. म्हणजे पहाटे तुमच्यासमोर उभी असलेली बाई सुमारे ३६ तास निर्जळी आहे आणि गार पाण्यात उभी आहे. "जरा इकडे बघा", "पुन्हा एकदा धार सोडा" असं तिला कोणीही, कधीही म्हणू नये.

पहाटे घरातले पुरुष डोक्यावरून दउरा, म्हणजे बांबूची मोठी टोपली, घाटावर आणतात. त्यात सुपं, ठेकुआ (कणिक-गुळाचा तळलेला प्रसाद), केळ्यांचा घड, नारळ, आल्या-हळदीची रोपं. उस वेगळे. घाटावर कोसी भरलेली असेल तर पाच किंवा सात उस वर एकत्र बांधून मांडव केलेला असतो, मधे मातीचा हत्ती आणि भोवती पणत्या. अंधारातला सगळ्यात चांगला उजेड इथे मिळतो, कारण भोवती बसून गाणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर तो खालून आणि चहूबाजूंनी येतो. पाणी सोडून आधी इथेच वेळ द्या, अर्थात त्या घरच्यांना विचारून.

नंतर व्रती पाण्यात उतरतात आणि पूर्वेकडे तोंड करून वाट बघतात. हे उभं राहणं बराच वेळ चालतं, घाई करू नका. काही घरं प्रत्यक्ष बिंब दिसेपर्यंत थांबतात, काही पंचांगातल्या वेळेला अर्घ्य देतात. वर डोंगराचा हिशेब दिलाय तो म्हणून महत्त्वाचा. डोंगरामागून सूर्य यायच्या आत काहींचं अर्घ्य होऊनही जातं. सहा-पस्तीसपासून डोळा कॅमेऱ्यावरच हवा.

अर्घ्य एका फटक्यात संपत नाही. व्रती दोन्ही हातांत सूप धरते आणि घरातले एकेक जण पुढे येऊन सुपासमोर दूध किंवा पाणी सोडतात. सुपं बदलत जातात. बऱ्याच घरांत व्रती सूप घेऊन जागच्या जागी प्रदक्षिणा घेते. म्हणजे पहिली धार हुकली तरी पुढच्या येतातच. आणि कोपरीच्या काठावर, जिथे पाठी दिसतात म्हणून अडचण सांगितली आहे, तिथे प्रदक्षिणेत ती वळते तेव्हा काही सेकंद चेहरा तुमच्याकडे येतो. पहिलं सूप नुसतं बघा, कुठल्या अंगाने वळते ते ध्यानात घ्या, दुसऱ्याला तयार राहा.

पाळायच्या गोष्टी. सूप, दउरा, उस ओलांडू नका आणि त्यांना हात लावू नका. तिथे शिवाशिव खूप कडक असते. चपला-बूट घाटाच्या बाहेर, चामड्याची बॅग आणि कॅमेऱ्याचा चामडी पट्टासुद्धा नको. व्रती आणि सूर्य यांच्या मधे उभं राहू नका, म्हणजे समोरून फोटो मिळावा म्हणून पाण्यात पुढे जाऊन उभं राहणं पूर्ण वर्ज्य. कपडे बदलण्याच्या आडोशाच्या दिशेने लेन्स वळवू नका. ओल्या साडीतल्या बाईचा जवळून फोटो काढू नका, तो कितीही देखणा येत असला तरी. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारून. काढलेले फोटो कुठे टाकणार ते आधीच सांगा. नाही म्हणाले तर विषय संपला.

अर्घ्यानंतर पारण होतं, सवाष्णी एकमेकींच्या नाकापासून सिंदूर लावतात, प्रसाद वाटतात. तेव्हा सगळे मोकळे असतात, हसतात, आणि उजेडही भरपूर असतो. बहुतेक फोटोग्राफर सूर्य वर आला की निघून जातात आणि हे सगळं हुकवतात. ठेकुआ दिला तर दोन्ही हातांनी घ्या.

गोखले_रोड

कंदील यांच्या ४००० केल्विनला थोडी हरकत आहे. घाटावर महापालिकेचे किंवा मंडळाचे पांढरे एलईडी फ्लड, म्हणजे मोठे झोतदिवे, असले तर त्यांचा उजेड ६००० च्या वर असतो. ४००० वर तो ज्या चेहऱ्यावर पडेल तो निळसर, आजारी दिसतो आणि बाजूच्या पणतीतला चेहरा नारिंगी. एकाच माणसाचे दोन गाल दोन रंगांचे. रॉमधूनही हे नीट निस्तरत नाही, प्रत्येक चेहऱ्याला वेगळा मास्क करत बसावं लागतं. आकडा बदलून हे सुटणार नाही, जागा बदला. फ्लडचा खांब तुमच्या मागे नको, समोर किंवा बाजूला हवा, म्हणजे त्याचा उजेड केसांच्या आणि खांद्याच्या कडेला लागतो आणि चेहरा पणतीकडे राहतो. मंडळाच्या माणसाला दिवा विझवायला सांगू नका. पायऱ्या ओल्या असतात, तो दिवा लोकांच्या पायांसाठी आहे.

कंदील

बरोबर. फ्लड पाठीमागे असेल तर माझा आकडा उपयोगाचा नाही.

चेंदणी_कट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीन गोष्टी राहिल्या. ट्रायपॉडचं काय? किट लेन्स न्यायचीच नाही का? आणि घरातल्या कोणाकडे फक्त मोबाइल असेल तर?

खाडीकाठ

ट्रायपॉडचे तीन पाय गर्दीत तिघांच्या वाटेत येतात, अंधारात कोणी अडखळून पाण्यात गेलं तर काय होईल याचा विचार करा. घाटावर मोनोपॉड पुरेसा. ट्रायपॉड वापरायचाच असेल तर घाटापासून दूर, खाडीच्या वळणावरून, लांबून दिसणाऱ्या पणत्यांच्या रांगेसाठी: एफ/५.६, ४ सेकंद, आयएसओ ८०० च्या आसपास, साडेपाच ते पावणेसहा. माणसं पुसट होतील, दिवे आणि त्यांची पाण्यातली लांब प्रतिबिंबं राहतील.

किट लेन्स न्या. १८ एमएमला ती एफ/३.५ देते, म्हणजे तुमच्या ५० पेक्षा जवळजवळ दोन स्टॉप कमी. पहिल्या उजेडात तिचा उपयोग नाही. सहा-वीसनंतर घाट, आकाश, माणसं मिळून रुंद दृश्य घ्यायचं असतं तेव्हा मात्र तीच लागते. क्रॉप सेन्सरवर ५० फार अरुंद पडते. एखादी ३५ एमएम एफ/१.८ भाड्याने मिळाली तर दोन्ही कामं तीच करील. लेन्स बदलायची ती सहा वाजता एकदाच, बॅगेत हात घालून, पाण्यापासून लांब.

दव हाही मोठा शत्रू. एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून कॅमेरा थेट खाडीच्या दमट हवेत काढला की पुढची काच लगेच धुरकटते आणि पुसली तरी पुन्हा धरते. रात्रभर बिगर-एसी खोलीत ठेवा, गाडीचा एसी बंद ठेवून या, पोचल्यावर बॅग बंदच ठेवून २०-३० मिनिटं थांबा. घरी परतल्यावर ओलसर फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. खाडीचं पाणी खारं आहे, रिंगमध्ये मीठ बसतं.

बॅटऱ्या दोन. डोक्यावरचा टॉर्च नको. लाल कागद लावलेला छोटा खिशातला चालेल, तोही पायाखाली. बांबू-दोरखंडाचं कुंपण असेल त्याच्या आत राहा. तिथले जीवरक्षक एका फोटोग्राफरकडे बघत राहिले तर व्रतींकडे कोण बघणार?

कंदील

मोबाइलचं मी सांगतो. रात्रीचा मोड एकेक ते तीन सेकंद घेऊन अनेक फ्रेम जोडतो, माणूस हलला की हातांना भुतं येतात. म्हणून स्थिर दृश्यांना तो मोड, माणसांना साधा. फक्त मुख्य १एक्स लेन्स वापरा. रुंद आणि झूमच्या लेन्सचे सेन्सर लहान असतात, अंधारात चिखल होतो. उजळलेल्या गालावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर कुलूपबंद झालं की बोट खाली सरकवून उजेड कमी करा, ज्योतीभोवतीचं वलय दिसेपर्यंत. व्हिडिओला २५ फ्रेम आणि १/५० शटर, म्हणजे एलईडी लुकलुकत नाहीत. फ्लॅश बंद आहे ना, ते घरूनच तपासून निघा. घाटावर अचानक पेटतो तो बहुतेकदा ऑटोवर राहिलेला मोबाइलचाच.

आयएसओला घाबरू नका, हेही जाता जाता. आयएसओ ६४०० वर नीट उजेड दिलेली फ्रेम आयएसओ १६०० वर अंधारी काढून संगणकावर दोन स्टॉप उचललेल्या फ्रेमपेक्षा बहुतेक कॅमेऱ्यांत जास्त दाणेदार नसते. आणि संपादनात सावल्या उचलून पहाटेची दुपार करू नका. काळं ते काळं राहू द्या.

कळवा_नाका

याच धाग्यात विचारतो. छठनंतर आठवड्याभराने कार्तिकी पौर्णिमा येते. त्या पहाटेच्या स्नानाला हेच सगळं लागू पडेल का? आणि सराव कुठे करावा?

खाडीकाठ

एक्स्पोजर बऱ्याच अंशी तेच, बाकी पुष्कळ बदलतं. पौर्णिमेचा चंद्र पहाटे पश्चिमेला उतरत असतो, म्हणजे साडेपाचलाही आकाश पूर्ण काळं नसतं आणि पूर्व काठावरून, ऐरोली-वाशीच्या बाजूने, चंद्र पाण्यावर मिळू शकतो. चंद्र फ्रेममध्ये असेल तर त्याचा तपशील आणि पणतीतला चेहरा एकाच एक्स्पोजरमध्ये बसत नाही, पांढरा गोळा येईल हे धरून चाला, किंवा तो ढगाआड अथवा इमारतीच्या कडेला असताना काढा.

भरतीचा हिशेब तर उलटा होतो. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती दुपारच्या तोंडाला आणि पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. त्यात उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं. खाडीकाठी पायऱ्यांखाली गाळ उघडा पडलेला असतो आणि प्रतिबिंबासाठी पाणीच जवळ नसतं. गाळात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो. त्या पहाटेला खाडीपेक्षा तलाव बरा. तलावपाळीवर किंवा उपवनला भरती-ओहोटी नाही, आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी त्रिपुरी लावतात तेव्हा तिथेच पाण्याकाठच्या पणत्या मिळतात.

सरावाला कार्तिक महिनाच चांगला. विठ्ठल मंदिरांत पहाटे काकड आरती चालू असते, तिथे निरांजनाच्या उजेडात वरचे आकडे करून बघता येतील, पुजाऱ्यांना विचारून. तेही जमलं नाही तर सहाच्या आधी तलावपाळीवर जाऊन कोपीनेश्वरच्या बाजूने पूर्वेकडे दर पाच मिनिटांनी एक फ्रेम काढा, सूर्योदयापर्यंत. प्रत्येक फ्रेमचा आयएसओ वहीत लिहून ठेवा. आकाश साधारण असंच निरभ्र असेल तर छठच्या पहाटे तोच तक्ता अर्ध्या स्टॉपच्या फरकाने कामी येतो. वेळ घड्याळाची लिहू नका, "सूर्योदयाआधी इतकी मिनिटं" अशी लिहा, कारण या दिवसांत सूर्योदय दर आठवड्याला तीन-चार मिनिटांनी पुढे सरकतो.